खांद्यावर तारे, मानेवर हप्ते

कमिशन मिळाल्यानंतरची पहिली दोन वर्षे एकही कर्ज काढू नये. मोटारीसाठी नको, बुलेटसाठी नको, गावाकडच्या घराच्या स्लॅबसाठी नको आणि बहिणीच्या लग्नासाठीही नको. हे माझे मत मी बारावीच्या वर्गात दरवर्षी सांगतो. मुले ऐकून घेतात, मागच्या बाकावरचे दोघे-तिघे हसतात, आणि पालकभेटीच्या दिवशी कोणीतरी वडील मला बाजूला घेऊन म्हणतात, "सर, पोराला पगार सुरू व्हायच्या आधीच कशाला घाबरवता?" म्हणून या वेळी मराठी पानावर जरा सविस्तर लिहितो आहे. मुलांसाठी लिहितो आहे, तसेच त्या वडिलांसाठीही.

हे सांगणारा मी कोणी बँकवाला नाही. बावीस वर्षे पायदळात काढली, त्यातली काही अ‍ॅडज्युटंट म्हणून आणि शेवटची काही टूआयसी म्हणून. आता या शाळेत गणित शिकवतो. अ‍ॅडज्युटंटच्या टेबलावर बटालियनमधल्या प्रत्येक तरुण अधिकाऱ्याची कुंडली येते: रजेचा अर्ज, मेसचे थकलेले बिल, बँकेचे पत्र. कोणाचा हप्ता चुकला हे त्याच्या आईच्या आधी मला कळत असे.

आधी रक्कम पाहू. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेफ्टनंट लेव्हल १० मध्ये येतो. मूळ वेतन ५६,१०० रुपये, शिवाय लष्करी सेवा वेतन, म्हणजे एमएसपी, १५,५०० रुपये. बेरीज ७१,६००. महागाई भत्ता या बेरजेवर मिळतो आणि वर्षातून दोनदा त्याचा दर नव्याने ठरतो. पोस्टिंगप्रमाणे बाकीचे भत्ते वेगळे. आठवा आयोग लागू झाला की हे आकडे बदलतील, माझा मुद्दा बदलणार नाही. आपल्या शाळेतली कितीतरी मुले हवालदार-सुभेदारांची आहेत, शेतकऱ्यांची आहेत, एसटी कंडक्टरची आहेत. बावीस-तेविसाव्या वर्षी पोराचा पहिला पगार वडिलांच्या पेन्शनच्या कितीतरी पट असतो. हे पचवायला घराला वेळ लागतो आणि पोराला त्याहून जास्त.

त्यात पैसा येण्याची रीतही विचित्र. एनडीएची तीन वर्षे पगार नसतो, हातखर्चाला घरून पैसे मागवावे लागतात. मग डेहराडूनला आयएमएत दरमहा ५६,१०० रुपये स्टायपेंड सुरू होतो, आणि कमिशन मिळाले की प्रशिक्षणकाळातल्या लागू भत्त्यांचे एरिअर्स एकदम जमा होतात. तीन वर्षे शंभराच्या नोटा मोजून खर्च करणाऱ्या मुलाच्या खात्यात वर्षा-दीड वर्षात लाखांचा आकडा दिसू लागतो. नेमक्या याच दिवसांत बँकांची माणसे भेटू लागतात. फॉर्म भरलेलाच असतो, सही तेवढी करायची. जामीन लागत नाही, तारण लागत नाही. कर्जदार तरुण, नोकरी सरकारी, पगार त्याच बँकेत जमा होणार. असा ग्राहक शोधून सापडायचा नाही. मुलाला मात्र वाटते की आपल्या ताऱ्यांचा हा मान आहे.

मग पिपिंगला येणाऱ्या नातेवाइकांची हॉटेलची सोय, नवे घड्याळ, कोर्समेटांबरोबर परदेशाची सहल. आपल्याकडे याला ऋण काढून सण म्हणतात. सण एका आठवड्यात संपतो आणि हप्ता चार-पाच वर्षे चालतो.

पण खरे दुखणे मोटारीचे आहे. वर्गात मी हे गणित फळ्यावर करून घेतो, इथेही करू. दहा लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षे. हप्ता येतो सुमारे १६,१०० रुपये. सात वर्षांत बँकेकडे जातात साडेतेरा लाख, म्हणजे साडेतीन लाख नुसते व्याज. विमा, इंधन, सर्व्हिसिंग यात धरलेले नाही. आणि सात वर्षांनी दारात उभी असते ती सात वर्षे जुनी गाडी, जिच्यातली निम्मी वर्षे ती कुठल्यातरी ट्रान्झिट कॅम्पच्या शेडमध्ये किंवा काकांच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. लेफ्टनंट असतो कुपवाड्याला किंवा तवांगच्या वर. बॅटरी उतरते ती काकांकडे.

आता तेच १६,१०० रुपये डीएसओपी फंडात टाकले तर? या फंडाचे व्याज २०२० साली ७.१ टक्क्यांवर आले आणि पुढची कित्येक वर्षे तिथेच राहिले. तो दर धरला तर सात वर्षांत सतरा लाखांच्या वर रक्कम होते. एका बाजूला सतरा लाख रोख, दुसऱ्या बाजूला सात वर्षांची जुनी गाडी. वर्गात इथे क्षणभर शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणतो, "सर, पण गाडी वापरायला तर मिळाली ना?" प्रश्न रास्त आहे. शेवटी त्याचे उत्तर देतो.

फील्डच्या पगाराबद्दल मात्र आधी बोलायला हवे, कारण हुशार मुले फसतात ती इथे. फील्डवर, उंचावर, दुर्गम भागात जादा भत्ते मिळतात. सर्वांत मोठा सियाचेनचा. २०१७ साली तो अधिकाऱ्यांसाठी महिना ४२,५०० रुपये ठरला, आधी २१,००० होता. वर खर्चायला जागाच नसते. चार-सहा महिन्यांत खाते फुगते आणि मुलगा त्या पगाराच्या हिशेबाने हप्ता बांधून घेतो. पोस्टिंग संपते, पीस स्टेशन येते. भत्ता गेला आणि खर्च मात्र सुरू झाला: मेस बिल, पार्ट्यांची वर्गणी, कोणाचा निरोप समारंभ, कोणाच्या लग्नाचा आहेर, नवा मेस ड्रेस, घरून आलेले पाहुणे. हप्ता तेवढाच राहतो. मी पाहिलेली बहुतेक थकलेली मेस बिले पीस स्टेशनची होती, आणि ती थकवणारी मुले उधळी नव्हती. फील्डचा पगार हा कायमचा पगार आहे, एवढेच त्यांनी धरले होते. माझ्या मते फील्डचा भत्ता हा पगारच मानू नये. तो वेगळ्या खात्यात जावा आणि तिथून हलू नये.

मेस बिल थकणे ही बाहेरच्या माणसाला किरकोळ बाब वाटेल. युनिटमध्ये ती किरकोळ नसते. सीओच्या टेबलावर यादी जाते. मग मुलगा मित्राकडे उसने मागतो, मित्राकडे नसले तर आणखी कोणाकडे. आपल्या जवानाकडून पैसे उसने घेणे हा तर शिस्तीचा गंभीर प्रश्न होतो, आणि व्हायलाच हवा. ज्या हवालदाराचे दहा हजार तुम्ही देणे लागता, त्याची रजा उद्या तुम्ही कोणत्या तोंडाने नाकारणार?

आता घर. इथे लिहिताना हात जरा अडखळतो, कारण मीही अशाच घरातला आहे. पोरगा अधिकारी झाला की गावात सत्कार होतो, हार-फेटे होतात, आणि मांडवातच कोणीतरी विचारतो, "साहेब, आता गाडी कधी?" घरात प्रश्न वेगळे असतात. विहिरीचे कर्ज, धाकट्याच्या क्लासची फी, बहिणीचे स्थळ. यातले काहीही खोटे नसते. आई-वडिलांनी हातखर्चाचे पैसे कुठून आणून पाठवले हे मुलाला माहीत असते, त्यामुळे तो नाही म्हणूच शकत नाही. मग तो वैयक्तिक कर्ज काढतो आणि घरी सांगत नाही. घरच्यांना वाटते पगारातून दिले.

पालकांनो, माझी तुम्हाला विनंती आहे. मुलाकडून मागा, जरूर मागा, तो तुमचा हक्कच आहे. पण त्याच्या पगारातून मागा, त्याच्या कर्जातून नको. आणि रक्कम ठरवून मागा. महिना पंधरा हजार, वीस हजार, जे काय बसेल ते, पहिल्या महिन्यापासून, आईच्या खात्यात. ठरलेल्या रकमेत कोणाचीही मान खाली जात नाही. न ठरवलेल्या मदतीचे तसे नसते. दर वेळी एकाला मागावे लागते आणि दुसऱ्याला हिशेब लपवावा लागतो. बहिणीचे लग्न दोन वर्षांवर असेल तर आजच मुलाला तसे सांगा, तो दोन वर्षे साठवेल. लग्न ठरल्यावर सांगितलेत तर तो बँकेतच जाईल.

तुमच्यापैकी काहींच्या मनात एक उत्तर तयार असेल हे मला ठाऊक आहे, कारण मेसमध्ये ते मी शंभरदा ऐकले आहे. उद्या कोणी पाहिलाय? गोळीला वय कळत नाही, मग साठवायचे कोणासाठी? या उत्तराला हसून चालणार नाही. आपल्या पेशात ते खोटे नाही.

अधिकारी सेवेत असताना गेला की युनिटमध्ये एक समिती नेमतात, कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंट. त्यासाठी १९५० चा कायदा आहे. समितीने त्या अधिकाऱ्याच्या खोलीतल्या वस्तूंची यादी करायची, मेसची आणि युनिटची देणी आधी फेडायची आणि उरलेले वारसांकडे जाईल असे पाहायचे. अशा एका समितीवर मी होतो. मुलगा कॅप्टन, वय सव्वीस. चकमकीत नव्हे, रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. आम्ही तिघांनी त्याची काळी ट्रंक उघडली. वर बॅडमिंटनचे बूट होते. खाली एका फाइलमध्ये दोन बँकांची कर्जाची पत्रे, क्रेडिट कार्डाची तीन महिन्यांची बिले आणि एका विमा पॉलिसीची पावती. कमिशन मिळताना भरलेल्या नामनिर्देशनात आईचे नाव होते. मध्यंतरी त्याचे लग्न झाले होते आणि कागद तसाच राहिला होता. आठवड्याने आई आणि बायको दोघी युनिटमध्ये आल्या आणि एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या. दोघींनाही कर्जाचे माहीत नव्हते. वडिलांनी मला एकच विचारले, "साहेब, हे सगळं कशासाठी घेतलं होतं त्यानं?" बूट आणि मोटारसायकल सोडली तर दाखवण्यासारखे खोलीत काही नव्हते.

तेव्हा उद्या कोणी पाहिलाय असे म्हणणाऱ्याला मी एवढेच सांगतो, की तू पाहणार नसशील तर तुझा हप्ता कोण पाहणार आहे ते आधी लिहून ठेव. आणि लग्न झाले, मूल झाले की पहिल्या पंधरवड्यात पार्ट टू ऑर्डर करून घे आणि डीएसओपी, विमा, बँक या सर्व ठिकाणची नावे बदल. अर्ध्या दिवसाचे काम असते.

विम्याचा विषय निघालाच आहे. आर्मी ग्रुप इन्शुरन्सची वर्गणी पगारातून परस्पर कापली जाते. ही योजना १९७६ पासूनची आहे, आणि वर्गणीतला काही भाग बचत म्हणून निवृत्तीच्या वेळी परतही मिळतो. म्हणजे पहिल्या दिवसापासून तुमचा विमा असतोच. अविवाहित लेफ्टनंटला त्यावर आणखी पॉलिसी विकायला जो येतो, आणि तो बहुतेकदा कोणाचा तरी मामा किंवा निवृत्त साहेब असतो, त्याला नम्रपणे चहा पाजा आणि परत पाठवा. वीस-पंचवीस वर्षे हप्ते भरून पाच-सहा टक्क्यांच्या आसपास परतावा देणारी पॉलिसी ही धड विमा नाही आणि धड बचत नाही. "कर वाचेल" हे त्याचे शेवटचे शस्त्र असते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करपद्धती आपोआप लागू होते आणि तिच्यात कलम ८०सीची सूटच नाही. जुनी पद्धत मागून घेतली तरी डीएसओपीची वर्गणी त्या कलमात बसतेच. बायको-मुले झाल्यावर साधा मुदतीचा विमा जरूर घ्यावा. युद्ध आणि हवाई प्रवासाची जोखीम त्यात धरली आहे ना, हे मात्र पॉलिसीच्या कागदावर वाचून घ्यावे, एजंटच्या तोंडून ऐकून नव्हे.

शेअर बाजाराला माझा विरोध नाही. चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला आणि डीएसओपीची वर्गणी नीट लागली, की दरमहा थोडी रक्कम निर्देशांकाच्या फंडात जाऊ द्या आणि विसरून जा. पण रात्री मोबाइलवर फ्युचर्स-ऑप्शन्स खेळणारी मुलेही मी पाहिली आहेत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा अभ्यास जाहीर केला: या व्यवहारातल्या एक कोटीहून अधिक सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, सरासरी माणशी सुमारे दोन लाख. ज्या हल्ल्यात शंभरातले ९३ जण पडणार हे आधीच माहीत आहे, त्यात कोणता सीओ आपली कंपनी घालेल?

डीएसओपीबद्दल दोन गोष्टी राहिल्या. किमान वर्गणी कापली जातेच, पण तेवढ्यावर थांबू नका; पहिल्याच महिन्यात ती वाढवून घ्या, म्हणजे तो पैसा हातात आल्याची सवयच लागत नाही. वर्षाला पाच लाखांची मर्यादा आहे, लेफ्टनंटला ती पुरून उरते. दुसरी गोष्ट ओटीएत जाणाऱ्यांसाठी. शॉर्ट सर्व्हिस म्हणजे दहा वर्षे, फार तर आणखी चार. अधिकाऱ्याला पेन्शन साधारणपणे वीस वर्षांनंतर मिळते. म्हणजे पर्मनंट कमिशन मिळाले नाही तर पस्तिशी-अडतिशीत ग्रॅच्युइटी आणि स्वतः साठवलेले तेवढे घेऊन बाहेर पडायचे. कायम कमिशनवाल्या मित्राने सात वर्षांची गाडी घेतली म्हणून शॉर्ट सर्व्हिसवाल्याने घेऊ नये. मेसमध्ये दोघे एकाच टेबलावर जेवतात, हिशेब दोघांचा वेगळा आहे. पोरींनाही हे लागू, मुद्दाम सांगतो, कारण हिशेब हे भावाचे किंवा होणाऱ्या नवऱ्याचे काम असे घरात अजूनही कुठेकुठे मानतात.

आणि पगाराचे विवरण दर महिन्याला वाचा. भूदलातल्या अधिकाऱ्याचा पगार, तो लेहला असो की पोर्ट ब्लेअरला, पुण्याच्या पीसीडीए (ओ) कार्यालयातून निघतो. नौदलाचा मुंबईहून, हवाईदलाचा दिल्लीहून. कार्यालय हजारो खाती सांभाळते, तुमचे खाते तुम्हीच सांभाळायचे. बदली झाली, सरकारी घर मिळाले, भत्ता बंद व्हायला हवा होता आणि झाला नाही, असे होते. मुलगा खूश होतो. आठ-दहा महिन्यांनी वसुली लागते आणि एखाद्या महिन्याचा पगार जवळजवळ कोराच येतो. चुकून जास्त आलेला पैसा तुमचा नसतो, तो तुमच्याकडे फक्त मुक्कामाला असतो. बारावीच्या मुलांना मी या सत्रापासून विवरणाचा नमुना वाचायला देणार आहे. त्रिकोणमिती इतकी अवघड ते नक्कीच नाही.

राहिला तो गाडीचा प्रश्न. गाडी घ्या. कमिशननंतरच्या तिसऱ्या वर्षी, पीस स्टेशनला पोस्टिंग आल्यावर, निम्म्याहून जास्त रक्कम रोख भरून आणि उरलेली तीन वर्षांत फिटेल अशी. दरम्यानच्या दोन वर्षांत रेल्वेने फिरा. वॉरंट आहे, सवलतीचा फॉर्म डी आहे, आणि रजेवर जाताना वरच्या बर्थवर जी झोप लागते ती ड्रायव्हिंग करताना लागत नाही.